तीस अंड्यांचं अंथरूण

मी अंड्यांचा ट्रे बोलतोय. पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा. नाक मुरडू नका, तुमच्याच रद्दीचा लगदा करून मला घडवलंय. माझ्या अंगात तुमची शिळी वर्तमानपत्रं आहेत आणि नापास पोरांचे पेपरही.

पाटसजवळच्या एका गावात तहमीनाच्या कोंबड्या होत्या. दर शनिवारी आम्ही चार ट्रे अंडी घेऊन, एकावर एक रचून, तिच्या नवऱ्याच्या, चांदभाईंच्या लुनावरून पाटसच्या खानावळीत जायचो. परत आलो की ती आम्हाला उन्हात वाळवायची. खानावळवाल्याची एकच अट होती, फुटकी आणलीत तर दुसऱ्याकडून घेईन. तीन वर्षांत आम्ही एक अंडं तडकू दिलं नाही.

दोन हजार एक साली गावानं स्वच्छतेच्या स्पर्धेत नाव घातलं. तपासणीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सरपंच शंकरराव दारात आले आणि त्यांनी आमच्या चवडीकडं बोट दाखवलं.

"भाभी, ह्यो कचरा उद्या दिसाया नको."

"आप्पा, कचरा न्हाई, अंड्यांचं अंथरूण हाय."

"अंडी काय झोपायला निघालीत व्हय? पाटीत भुसकट घाला की."

माझे तिघे भाऊ शाळेमागं जळले. त्याच धुरात खोकत दोघं जण भिंतीवर 'पर्यावरण वाचवा' असं रंगवत होते. मी तेवढा वाचलो, कारण माझ्यावर एक खुडूक कोंबडी बसली होती आणि तिला उठवायची सरपंचांचीही छाती झाली नाही.

शनिवारी तहमीना अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन लुनावर मागं बसली. ग्रामपंचायतीपुढं पाहुण्यांसाठी नवाकोरा गतिरोधक केला होता. लुना उडाली, पाटी आपटली. रांगोळीवरून बलक वाहिला, कुत्री जमली आणि तेवढ्यात समितीची जीप आली.

शंकरराव दबक्या आवाजात म्हणाले, "भाभी, हे आधी उचला."

"उचलते की आप्पा. कोंबड्यांचा आठ दिसांचा दाणा हाय ह्यो, पाणी हाय, माझी मेहनत हाय. आन् कचरा म्हणून तुम्ही जाळलं काय, तर तीन पुठ्ठं."

पुढच्या शनिवारी तिनं मला मांडीवर नेलं. तीसच्या तीस अंडी शाबूत पोचली. खानावळवाल्यानं ती ठेवून घेतली, पण बाकीची तो आता दुसऱ्याकडून घेतो.

माझे काठ भुगा व्हायला लागलेत. तहमीना मला भिजवून शेवग्याच्या बुंध्याशी घालणार आहे. कागदाचा मी, मुकाट मातीत जाईन. जाळायची हौस तुमची. मला पुन्हा कचरा म्हणायच्या आधी मात्र एक अंडं खिशात घाला आणि लुनावरून तो गतिरोधक ओलांडून दाखवा.