डोकं मागे, सर

आमचे हे रग्बीचे कोच झाले ते मीटिंगला गैरहजर होते म्हणून. शाळेत कुठूनतरी चार लांबुळके चेंडू आले होते आणि ते कोणाच्या तरी गळ्यात मारायचे होते. हे त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. परत आले तेव्हा तोंडात कापूस होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

तोवर हे व्हॉलीबॉलचे धनंजय सर. रग्बी यांनी एका झेरॉक्स पुस्तिकेवरून शिकून घेतली. त्यात नेमकी टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायची पानं कोरी निघाली होती. ती जागा यांनी स्वतःच्या अकलेने भरली. "सिर आगे, सीधा घुस!" वीस वर्षं मैदानावर हेच. आवाज भिलाईच्या वैशाली नगरात आमच्या गच्चीपर्यंत यायचा, आणि मी मूर्खासारखी कौतुकाने ऐकायची.

गीतांजली ही यांची पहिली चांगली खेळाडू. बोरसीची, वडील रेल्वेत पॉइंट्समन. तिची सर्व्हिस कधी नेटच्या पलीकडे जायची नाही, म्हणून यांनी तिला रग्बीत ढकललं. तिथे पोरगी सुटलीच. राज्याकडून खेळली, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली आणि चोविसाव्या वर्षी अचानक खेळणं सोडलं. का, ते यांनी विचारलं नाही. "लग्नाचं चाललं असन," म्हणाले आणि मोकळे झाले.

मागच्या वर्षी नियम निघाला की सर्टिफिकेट नसलेला कोच स्पर्धेत टीमसोबत उभा राहणार नाही. भिलाईतच तीन दिवसांचा कोर्स ठेवला. शिकवायला आली गीतांजली; खेळणं सोडल्यावर ती कोच लोकांना शिकवायला लागली होती. तिच्या गळ्यात शिट्टी, आणि त्रेपन्न वर्षांचे आमचे हे पोरासोरांच्या रांगेत चौथे.

पहिल्या दिवशी हसत घरी आले. "ते पोरगी मले नापास करन का? मीच शिकवलं तिले."

तिसऱ्या दिवशी नापास होऊन आले.

"सगळ्यांसमोर म्हणते, सर, डोकं मागे. तीनदा म्हणाली! मी काय वीस वर्षं गोट्या खेळून राहिलो होतो?"

संध्याकाळी ती स्वतःच घरी आली. हे लगेच आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचायला लागले. पेपर आदल्या दिवशीचा होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"सर, रागावले का?"

"मी कावून रागावू? तुम्ही मॅडम आहात."

तिने कुर्त्याचा गळा जरा बाजूला केला. खांद्याजवळचं हाड मधेच उचललेलं, वाकडं जुळलेलं. "दोनदा मोडलं, सर. दोन्ही टाइम सिर आगे, सीधा घुस. डॉक्टर म्हणे, अशीच घुसत राहिली तर एक दिवस मान जाईन. म्हणून सोडलं."

यांच्या हातातला पेपर खाली आला. "मले सांगितलं नाही?"

"तुमच्यामुळं नोकरी लागली मले. तुमालेच कसं सांगू?" ती म्हणाली. "पण आता कोणाले तसं शिकवू देणार नाही. तुमाले पण नाही."

चहा न पिताच ती गेली. रात्री जेवताना वरणात मीठ नव्हतं, तेही हे बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

सकाळी गच्चीवर गादीची वळकटी उभी केलेली दिसली. "अन्नपूर्णा, धर हे."

रोज अर्धा तास. कोर्समध्ये मिळालेली नवी पुस्तिका विटेखाली उघडी ठेवायची, मी मोठ्याने वाचायची आणि हे गादीवर धावून यायचे. खांदा आत, डोकं पळणाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला, हात गुंडाळा. शेजारच्या रश्मीने विचारलं, "काकू, काकांचं गादीशी काय भांडण आहे?" एकदा मी मुद्दाम गादी सरकवली, कारण पळणारा माणूस काही उभा राहत नाही. हे सरळ पाण्याच्या टाकीवर. उठून म्हणाले, "आत्ता बरोबर धरली तू."

दोन महिन्यांनी रायपूरच्या कोर्समध्ये पास झाले. कोणत्या कोचला कोणती टीम, हे आता गीतांजलीच ठरवायची; तिने यांना शाळेची मोठी टीम दिली नाही. अहिवाऱ्याच्या बारा वर्षांच्या मुली दिल्या.

"बारा वर्षांच्या? मी राज्याले पोरगी दिली!"

"म्हणूनच, सर."

पहिल्या रविवारी मीही बसने सोबत गेले. अठरा मुली रांगेत. यांनी त्यांना गुडघ्यांवर बसवलं, स्वतःही बसले आणि शिट्टी बाजूला ठेवली.

"सुनो. मैंने एक लड़की की हड्डी दो बार तोड़ी है."

एकीने विचारलं, "गुस्से में, सर?"

"नहीं. बेवकूफी में."

पोरी खो खो हसल्या. हेही हसले, पण डोळे पुसत. मग एकेकीजवळ सरकत जाऊन तिचं डोकं, खांदा, हात कुठे ठेवायचा ते दाखवत राहिले. तासाभराने यांना गुडघ्यांवरून उठताच येईना, तेव्हा दोघींनी काखेत हात घालून यांना उभं केलं.