कल्याणला कळवलेली बातमी

सुहासिनीबाईंनी फोन खाली ठेवला आणि कोरडेच डोळे पदराने टिपले.

"झालं. गेलात तुम्ही."

"कशाने?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"हार्टने. दुसरं काय सांगणार?"

तीस वर्षांत त्र्यंबकराव पडद्यावर क्षयाने मेले होते, गोळी लागून मेले होते, मुलीची पाठवणी करून दारातच कोसळले होते. बाप मारायचा तर त्र्यंबकरावांनाच घ्या, असं निर्माते म्हणायचे. पण घरच्या झोपाळ्यावर बसून, तेही बायकोच्या तोंडून मरायची ही पहिलीच वेळ.

सकाळी वर्तकनगरच्या इमारतीच्या गच्चीवर ते संवाद पाठ करत होते, तेव्हा कावळ्याने डोक्यावर टोच मारली. असं झालं की मरणाची खोटी बातमी रक्ताच्या नात्यात कळवायची. तिथे कुणी खरोखर रडलं की खरं मरण टळतं, असं सुहासिनीबाईंची आई सांगायची. बाई स्वतः शाळेत विज्ञान शिकवत. एरवी त्या हसल्या असत्या. पण दिवाळीनंतर नवऱ्याच्या छातीत कळ येऊन गेली होती आणि तेव्हापासून त्यांचं विज्ञान जरा घाबरून होतं.

मुलीला असलं काही कळवणं शक्य नव्हतं. तिच्याखेरीज रक्ताचं माणूस एकच उरलं होतं, त्र्यंबकरावांचे थोरले भाऊ, कल्याणचे मधुदादा. बारा वर्षांपूर्वी, आणीबाणी उठली त्या वर्षी, वडील गेले तेव्हा त्र्यंबकराव कोल्हापूरला शूटिंगमध्ये होते. सगळं युनिट खोळंबलं असतं म्हणून थांबले आणि तिसऱ्या दिवशी पोहोचले. "तुझं खोटं मरण आटोपलं का?" एवढंच दादा म्हणाले, आणि बोलणं थांबलं ते थांबलंच. मुलीच्या लग्नालाही आले नाहीत.

"तो नाही रडायचा," त्र्यंबकराव म्हणाले. मग चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "फोन त्यानेच घेतला का?"

शेजाऱ्यांनी घेतला होता. लगेच निरोप देतो म्हणाले. तासाभराने खरं काय ते सांगायला बाईंनी पुन्हा फोन लावला, तर मधुदादा अंगावरच्या कपड्यांनिशी ठाण्याला निघालेसुद्धा होते. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सत्तरीचा माणूस, वाटेत काही झालं तर? करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत त्या देवापुढे जाऊन बसल्या. त्र्यंबकराव खाली उतरले आणि फाटकाशी उभे राहिले. निदान जिना चढताना तरी दादाच्या उरावर ते ओझं नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुपारी रिक्षा थांबली. मधुदादा उतरले आणि समोर भावाला बघून जागच्या जागी उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनी त्याचा दंड चाचपला. त्र्यंबकरावांनी कावळ्याचं सांगितलं, माफी मागितली. दादा दंड तसाच धरून जिना चढले.

वर सुहासिनीबाईंनी पाणी दिलं, पाया पडल्या, चूक सगळी आपली म्हणाल्या. पण त्यांनाही राहवेना.

"भाऊजी, निदान रडू तरी आलं का हो?"

"नाही," मधुदादा म्हणाले. "शीळफाटा गेला, मुंब्रा गेलं. नाहीच आलं."

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. ठाऊक होतं, तरी लागलं.

"थेटरात येतं," दादा पुढे म्हणाले. "तुझा प्रत्येक सिनेमा बघतो मी. एकटाच जातो, घरी सांगत नाही. तू मेलास की पोटभर रडतो. कारण ठाऊक असतं रे, तू इथे वर्तकनगरला जेवत असशील. आज ते ठाऊक नव्हतं."

त्यांनी पेला तोंडाला लावला. पेला खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले.

सुहासिनीबाई लगबगीने पुढे झाल्या. त्र्यंबकरावांनी त्यांचा हात धरला.

"थांब," ते हळूच म्हणाले. "रडू दे त्याला."