ताईच्या क्यूचा जोड

ताई पुन्हा क्यू घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि बारक्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"मेलाय रे हा जोड," ती म्हणाली. "चेंडू कुठे लागला, हाताला कळतच नाही."

बारक्या तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी नाव तेच राहिलं. पूल या टेबलावरच्या खेळाचे क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, बनवणं हा त्याचा धंदा. क्यू दोन तुकड्यांचा, मधे पिन पिळून जोडायचा, आणि खरी मेख त्या जोडातच असते. दोन्ही तोंडं घट्ट भिडली तर चेंडूचा ठोका थेट मुठीपर्यंत पोचतो. केसभर फट राहिली तर वाटेतच विरतो, आणि खेळणारा आंधळा होतो. ताई खेळावरच जगत होती. हल्ली मात्र पोरंटोरंही मारतील असे चेंडू हुकवून ती लागोपाठ हरली होती. आता निवडीचे सामने तोंडावर आले होते. तिथे हरली की संघातून कायमचा नारळ.

त्याने आधी पिन बदलली होती. मग मऊ लाकडी जोड काढून पोलादी बसवला, ज्याचा ठोका बहिऱ्यालाही ऐकू यावा. तरी तक्रार तीच. आपला हात गेला आणि सख्ख्या बहिणीला आपणच बुडवलं, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

त्याने जोड उजेडासमोर धरला. फट नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक चेंडू मारून पाहिला. ठोका कोपरापर्यंत झणझणत आला. त्याला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं.

"हसतोस काय मेल्या? पितळेचा बसवून बघ ना," ताई लेथला टेकत म्हणाली.

तो वळला. लेथवर मघाशीच कातलेल्या पोलादाचे धारदार छिलके पडले होते. ताईने उजवा तळहात सगळ्या भारानिशी त्यांच्यावरच टेकला होता. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं आणि ती पितळेचं बोलत होती.

बारक्याने घाईघाईने क्यू उघडला. पिन तपासली, आटे तपासले, तोंडावरून नख फिरवलं. देवा, चूक माझीच निघू दे, एवढंच तो मनात म्हणत होता. कुठेही काही सापडेना.

"जोडात काही नाही, ताई," तो कसाबसा म्हणाला.

"मग कशात आहे?"

त्याने तिचा हात उचलला आणि तळवा तिच्यासमोर धरला.

ताई त्या रक्ताकडे बघतच राहिली. "अरे," ती हळूच म्हणाली, "हे कधी लागलं मला?"