मशीन सुरू झालं की लपायचं

“आई, पळू नकोस! पावलांचा आवाज होतो. हळू चाल, हळू!”

“अगं, मी कुठे पळतेय? हे बटणच मला पळवतंय,” शिवणकाकू म्हणाल्या, तोवर खेळातला तो उंच माणूस आलाच. स्क्रीन लाल झाली. खेळ खलास. काकू पुन्हा एकदा मेल्या.

अख्खी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणायची. सारा जन्म पायमशीनवर गेला, तेव्हा कीबोर्डवर त्यांची बोटं तापल्या तव्याला लागल्यासारखी उडणारच. लेकीनं नोकरी सांभाळून, एकटीनं हा भीतीचा खेळ केला होता. पदरी भांडवल नाही, त्यामुळे चार खोल्या, मोजके आवाज आणि चौकोनी ठिपक्यांची एवढीएवढीशी चित्रं. काकूंना ती भरतकामाच्या टाक्यांसारखी दिसली. किंमत तर पँट खालून दुमडून शिवायला त्या जेवढे घेतात त्याहूनही कमी. उद्या सकाळी खेळ विक्रीला जायचा होता. “आईला जमलं म्हणजे कुणालाही जमेल,” असं म्हणून लेकीनं त्यांना बसवलं आणि काकूंनी तो अपमान कौतुकानं गिळला.

“पण खेळातल्या ह्या पोरीच्या हातात काठीबिठी काही द्यायची नाही का?”

“ती लहान आहे, आई. तिनं लढायचं नाही. लपायचं. आता हे कानाला लाव, त्याशिवाय तो कधी येतो ते कळणार नाही.”

काकूंनी हेडफोन लावले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांचंच मशीन! मागे लेकीनं त्याचा आवाज रेकॉर्ड करून नेला होता, तेव्हा काकूंनी ते गल्लीभर सांगितलं होतं.

“लप, लप! कपाटात! मशीन सुरू झालं म्हणजे तो आलाय.”

काकूंचा हात जागीच थांबला.

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तो होता तेव्हा घरात शिरताच शिव्या सुरू व्हायच्या आणि मग हात. त्यानं तोंड उघडलं की काकू मशीनवर बसायच्या आणि हाताला लागेल त्या चिंधीवर टीप मारत सुटायच्या. आतल्या खोलीत पोर झोपलेली, तिला हे काही ऐकू जायला नको. पाठीवर तडाखे बसत, पण पाय थांबत नसे. “माझं जे व्हायचं ते झालं, पोरीच्या कानावर मात्र काही पडू दिलं नाही,” असं त्या बहिणीला नेहमी सांगायच्या. जन्माची तेवढीच एक कमाई होती.

“तुला… ऐकू यायचं?”

“मशीन ऐकू यायचं ना. तेवढ्यावरून कळायचं.” लेकीच्या आवाजात राग नव्हता. “बरं झालं तू ते चालवायचीस. लपायला वेळ मिळायचा.”

स्क्रीनवरचा माणूस बाहेरच्या खोलीतून आत निघाला.

“हा आत कशाला येतोय?”

“यायचा की. तुझी पाठ असायची आणि वर मशीनचा आवाज. तुला कसं कळणार?”

“आणि तू सापडलीस की?”

“माझे गुडघे शाळेत फुटायचे ना? ते शाळेत नव्हते फुटत.”

ते गुडघे काकूंनी स्वतः पुसले होते. वर ‘धडपडी कुठली’ म्हणून दटावलंही होतं.

बाहेरच्या खोलीत ठिपक्यांची एक बाई पाठमोरी बसून मशीन चालवत होती. काकू मिळेल ते बटण दाबू लागल्या.

“हिला उठव. हिला कुठलं बटण?”

“तिला बटण नाही, आई.”

“अगं, दोन पावलांवर तर आहे पोरगी!”

“तिची उठायची चित्रंच मी काढली नाहीत. बसलेलीच काढलीय.”

“का गं?”

“तशीच आठवतेस मला.” मग आईचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, “आणि चित्रं वाढली की कामही वाढतं गं. एकटीनं किती करायचं?”

मी उठले असते तर तो चिडून आत गेला असता, म्हणून बसून राहिले, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो तर आत गेलाच होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं कपाट उघडलं. स्क्रीन लाल झाली.

“पुन्हा खेळतेस?”

“नको.”

काकू बाहेर आल्या. एक पडदा शिवून द्यायचा होता. सवयीनं त्या मशीनवर बसल्या, कापड सुईखाली घातलं, पाय ठेवला आणि उचलून घेतला. कापड काढून, हातशिलाईची सुई घेऊन त्या खिडकीपाशी सरकल्या.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. “आई, मशीन चालव की. मला आता काही होत नाही.”

“हो,” काकू म्हणाल्या आणि हातातल्या सुईत दुसरा दोरा ओवला. पडदा दाराएवढा लांब होता आणि गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं.