दारामागचा ठसा

कोटाच्या मोठ्या बटणाएवढा काळा गोल… लेकीच्या खोलीत, दारामागच्या भिंतीवर जो रबरी ठोकळा असतो, त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर. कागद कालच त्याने सवयीने नवा लावला होता, म्हणजे ठसा आजचा, ताजा — आणि लेक वसतिगृहात जाऊन आठवडा झाला होता.

त्याने चष्मा पुसला. गोल तेवढाच राहिला.

सव्वीस वर्षं दारांची रबरं बनवणाऱ्या कारखान्यात तो हेच करत आला होता — रबरावर कार्बन, वर कागद, मग दार आदळू द्यायचं. ठसा जितका मोठा तितकं रबर दबलेलं, आणि त्यावरून धक्क्याचा अंदाज. हा गडी नुसता ठसा हुंगून सांगतो, दार सुनेने आदळलं की सासूने, असं तिथे म्हणत. एकदा तर म्हणे त्याने ठशावरून आदळणाऱ्याची दाढदुखी ओळखली होती. तो नाकारत नसे. आवडायचं त्याला ते…

हाही अंदाज तोंडपाठ. तीस किलोचं दार, कडेचा वेग, रबर दबलं आठ मिलिमीटर — क्षणभर पावणेतीनशे किलोंचा दाब. रबरावर अख्खं तट्टू उभं राहिलं म्हणा ना. हाच आकडा त्याने लेकीपुढे नाचवला होता, नऊ कागद, नऊ तारखा, ही बघ तुझी आदळआपट — आणि ती कागद सोडून त्याच्या हातांकडे बघत राहिली होती. तेव्हा वाटलं, नजर चुकवतेय. दुसऱ्याच दिवशी तिने बॅग भरली.

त्या खोलीत तू गेली होतीस का, त्याने बायकोला विचारलं. पोरगी गेल्यापासून मी पाऊल टाकलेलं नाही, ती म्हणाली. सकाळी खिडकी लावायला तुम्हीच गेलात की.

गेलो होतो. हळूच तर गेलो होतो… हळूच?

आणि मग त्याला आठवलं. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते — लावताना दार चौकटीवर आदळतं; मागच्या रबरावर आदळतं ते उघडताना, आत येणाऱ्याच्या हातून. लेक तर आतच असायची, टेबलाशी, पाठमोरी. आणि नऊच्या नऊ वेळा, तिला आदळआपटीवरून झापायला, आत शिरत होता कोण —

"अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलणार? तुमच्याकडे कागद होते." बायको जायला वळली. "ती म्हणायची, बाबांना ऐकूच येत नाही गं."

बायको गेल्यावर त्याने बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि त्यावर तळहात टेकला. ढकलायचं होतं, हळू. पण हळू म्हणजे किती, याचा काही केल्या अंदाज येईना. आत टेबल, खुर्ची, बंद खिडकी… तो तसाच उभा राहिला, त्या खुर्चीत पाठमोरं बसल्यासारखा, मागून दार केव्हा येतंय याची वाट बघत, खांदे आक्रसून.