पाटीवरचे दहा टन

धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा एक कारखाना आहे, तिथला जुना कॉम्प्रेसर मी बोलतोय. माझी धडधड आता थांबली आहे, त्यामुळे माझं बोलणं तुम्हाला नीट ऐकू येईल.

माझ्या अंगावर पितळी पाटी आहे, ‘क्षमता दहा टन’. या पाटीने पहिल्याच दिवशी घोळ घातला. मला ट्रकवरून उतरवायला आलेले हमाल ती वाचून मागेच सरले. “दहा टन? आमच्या कमरा काय वाटेवर पडल्यात?” मालकांना हसू आवरेना.

मालकांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली आणि माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “हा दहा टनांचा? तुम्हाला चांगलंच बनवलंय कुणीतरी.”

“अगं, ते वजन नाही, ताकद आहे,” मालक म्हणाले. “एक टन बर्फ पुरता वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढी उष्णता चोवीस तासांत ओढून बाहेर टाकली, की यंत्र एक टनाचं. हा तसल्या दहांना पुरून उरेल.”

“मग तसं लिहायचं की पाटीवर!”

पुढचं बोलणं माझ्याच आवाजात बुडालं. पण दोघं बराच वेळ हसत होती.

वर्षं गेली. मासळीच्या होड्या माझ्या बर्फावर समुद्रात जात आणि माझ्या बर्फावरच परत येत. कोळी मालकांच्या बायकोला काकू म्हणू लागले. माझा आवाज जरा बदलला की ती पोळी तव्यावर सोडून धावत येई. मालक अचानक गेले, तेव्हा नातेवाइकांनी कारखाना विकायचा सल्ला दिला. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि खाली येऊन मला स्वतःच्या हाताने चालू केलं. त्या दिवशी माझ्या धडधडीच्या आडोशाला त्या पोटभर रडल्या. घरात कुणाला कळलं नाही.

पुढे मीच थकलो. बर्फाच्या लाद्या मधून पोकळ निघू लागल्या. एक होडी अख्खी मासळी नासवून परतली. होडीवाला भांडला नाही, नुसता मान खाली घालून उभा राहिला. तेच काकूंना फार लागलं.

नवं यंत्र घ्यायचं ठरलं. काकूंची मुलगी कारखान्यात लक्ष घालू लागली होती, पण निवड काकूंनीच केली. “हे बघ, दहाचंच आहे. आटोपशीर, स्वस्तही.”

मुलीने कागद पाहिला. “आई, हे दहा किलोवॅट आहेत. दहा टन नव्हेत.”

“दहा ते दहाच ना! तुझ्या बाबांनी दहावर अख्खा संसार ओढला.”

“दहा वाट्या साखर आणि दहा किलो साखर एकच का?” मुलीचाही आवाज चढला. “एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. तुझं हे यंत्र तीन टनांचंसुद्धा नाही. पुन्हा कुणाची तरी मासळी नासवायची आहे का?”

बोलणं काकूंच्या वर्मी लागलं होतं. मुलगी हळूच त्यांच्याशेजारी येऊन बसली.

जरा वेळाने काकूंनी विचारलं, “मग बाबांचे दहा टन म्हणजे किती गं?”

“पस्तीस किलोवॅट. आणि बीटीयूत, म्हणजे उष्णतेच्या जुन्या इंग्रजी मापात मोजलंस, तर तासाला एक लाख वीस हजार.”

“लाखात?” काकूंचे डोळे मोठे झाले. “बघ ना! मला कधी बोलले नाहीत.”

पस्तीस किलोवॅटचं यंत्र आलं. ते गुपचूप काम करतं आणि स्वतःचं स्वतः सांभाळतं. लादी पुन्हा आरपार घट्ट निघते. काल तोच होडीवाला येऊन भरपूर बर्फ घेऊन गेला, काकूंशी दोन शब्द हसून बोललाही.

मला मात्र एका गोष्टीची रुखरुख आहे. माझ्यामुळे या बाईला लग्नानंतर सख्ख्या बहिणीकडे धड मुक्कामाला जाता आलं नाही. बहिणीचं बोलावणं आलं, की माझं काहीतरी निघायचंच.

आज सकाळी काकू नवी साडी नेसून, पिशवी घेऊन शेडमध्ये आल्या. मुलगी बाहेरून हाका मारत होती, गाडी थांबली होती. उद्या भंगारवाला येणार आहे, हे काकूंना माहीत आहे. त्याला त्यांनीच बोलावलंय. माझ्या थंड अंगावर त्यांनी हात ठेवला.

“येते हं,” त्या म्हणाल्या.

ताई, तुम्हाला मी कधी पाहिलं नाही. तुमची बहीण आज संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात येईल. दोन दिवसांत परत निघते म्हणाली, तर ऐकू नका. इथे आता तिच्यावाचून अडून बसलेलं कुणी नाही.