गोष्ट सोडायची वेळ

धुरपतामामी दिवसा गोष्ट सांगत नसे. दिवसा सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे चोरखमारा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आचलचा मामा म्हणजे मामीचाच नवरा, टिकाराम. मग या बाबतीत मामी कुणाचं कशाला ऐकेल?

आचलची मात्र सगळी मदार मामीच्या गोष्टींवर होती. गोंदियातल्या शिकवणी वर्गाची नोकरी सोडून ती मामाकडे येऊन राहिली होती, या गोष्टींचा पॉडकास्ट काढायला. वाघाला जावई करून घेणारी म्हातारी, तलावाच्या तळाशी भरणारा बाजार, असलं काहीबाही मामीच्या डोक्यात खच्चून भरलेलं. दिवेलागण झाली की दोघी धानाच्या पोत्यांच्या खोलीत बसत. पोती आवाज घुमू देत नाहीत. शहरातले लोक त्यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात, इथं सगळं फुकटात होतं.

वेळापत्रक आचलच्या भावाने, हिमांशूने आखलं. त्याचं गोंदियात मोबाईलचं दुकान, त्यामुळे या गोष्टींतलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. पहिले तीन भाग एकदम सोडायचे, मग दर सोमवारी एक, सकाळी सातला. लोग काम पे जाते हुए सुनते हैं दीदी, असं त्याने ठासून सांगितलं. पोस्टरही फिरलं. मामीने आपलं सहज विचारलं, हा तुमचा रेडिओ लागतो कधी? आचलने ठोकून दिलं, संध्याकाळीच. आणि स्वतः मात्र रोज भर दुपारी कानाला हेडफोन लावून त्याच गोष्टींची कापाकापी करत बसे. मामी तेव्हा शेतावर, धानाच्या बांधीत असे, तिला काय कळणार!

मग एक दिवस मामा राइस मिलवाल्याशी बोलायला गोंदियाला गेला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलाच नाही. फोन बंद. मामी दाराशी उभी, आत येते, पुन्हा दाराशी जाते. शेवटी ती आचलसमोर येऊन थांबली.

"दिवसा आयकलीस का व गोष्ट?"

खोटं बोलता आलं असतं. पण मामीच्या तोंडाकडे पाहून आचलची जीभच रेटेना.

"रोजच ऐकते, मामी."

मामी पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आचलला वाटलं. थोड्या वेळाने कुणाच्या तरी मोबाईलवरून मामाचा फोन आला. तो भलत्याच दिशेला, सौंदडला होता. तिरोड्याच्या गाडीऐवजी बल्लारशाच्या गाडीत बसला होता! उभा जन्म त्या स्टेशनावरून ये-जा केलेला माणूस, डोळे झाकून गाडी पकडणारा.

ओळखीच्यांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तो परतला, तेव्हा आचलने त्याला खोदून खोदून विचारलं. फलाट बदलला होता का? गप्पांत होतात का? डुलकी लागली होती? मामा डोकं खाजवत राहिला. मलेच समजून नाई राहिलं, म्हणाला. पण गोष्टी-बिष्टीचं काही नसते, बायकांचं खूळ आहे सारं, असंही वर म्हणाला. हिमांशू तर फोनवर पोट धरून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, दीदी, काल दुपारी दुकानात मीही तू पाठवलेली एक ऐकली होती.

मामीने सांगून टाकलं की आता पुढची गोष्ट नाही, आणि झालेलीही सोडायची नाही. एवढ्या दिवसांची मेहनत, नोकरी सोडलेली, आणि चूक सर्वस्वी आपली. आचल मामीजवळ जाऊन बसली. मामी सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. भाग दिवेलागणीनंतरच सोडू, आचल म्हणाली.

"आन् सोडल्यावर कोनी दुसऱ्या दिवशी दुपारी आयकली तं?"

या खेपेला आचलने खरं ते सांगितलं. कोणी बसमध्ये ऐकेल, कोणी मिलमध्ये. कोणी परदेशात ऐकेल, आपल्याकडे रात्र तेव्हा तिकडे ऊन असतं. कुणाला अडवता येत नाही. मामीचं सूप थांबलं. तिकडं ऊन राहते? तिने दोनदा विचारलं. तेवढ्या सगळ्या मामांचा विचार तिच्या कपाळावर दिसत होता. आचललाही आता खरंच जाणून घ्यायचं होतं, मामी यातून वाट काढते कशी.

त्या संध्याकाळी मामी आपणहून पोत्यांच्या खोलीत आली. पयले मी बोलतो, ते सगळ्यात आधी लावजो, म्हणाली. आणि माईकजवळ तोंड नेऊन, हळू आवाजात बोलली.

"बाबू हो, बाई हो, दिवस असन तं आधी मामाले फोन लावा. कुठी आहे इचारा. घरी आहे म्हनला, तवाच आयका."

हिमांशूने वेळापत्रकातले सकाळचे सात खोडून संध्याकाळचे सात केले.

सोमवारी दुपारी मामी बांधीत गेली होती. भाग सोडण्याआधी त्यातली पहिली गोष्ट पुन्हा एकदा ऐकून पाहणं आचलला भाग होतं. आवाज कुठे फाटला असला तर? तिने हेडफोन लावले आणि तिचं बोट थांबलं. हट्, काहीतरीच, असं ती स्वतःशी म्हणाली. मग हेडफोन काढून तिने फोन लावला. घंटी बाजूच्याच खोलीत वाजली.

"काऊन व?"

"मामा, कुठं आहात?"

तिकडे खाट करकरली. मग भिंतीपलीकडून मामाचा आवाज आला, फोनमधूनही आला.

"घरीच आहो. आयक तू."

गोष्ट चांगली अर्ध्या तासाची होती. ती संपेपर्यंत मामा पाणी प्यायलासुद्धा खाटेवरून उठला नाही.